सेंटिनेल-१ ची मोफत रडार प्रतिमा: पावसाळ्यातली होड्यांची मोजणी आणि समुद्रावरचे खोटे ठिपके

पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावरून वर पाहिले तर ढगच दिसतात, आणि उपग्रहावरून खाली पाहणाऱ्या कॅमेऱ्यालाही तेवढेच दिसतात. मासेमारीबंदीच्या काळात किनाऱ्यासमोर किती होड्या उतरल्या हे ज्यांना अभ्यासासाठी जाणून घ्यायचे असते, त्यांना म्हणूनच रडारवाचून गत्यंतर नसते. युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-१ उपग्रहांच्या प्रतिमा मी याच कामासाठी, रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांसमोरच्या समुद्रातील लहान-मोठी जहाजे मोजण्यासाठी वापरतो. हे परीक्षण त्या एका वापरापुरते आहे. शेती, पूर किंवा जमीन खचणे या विषयांवर काम करणाऱ्यांचा अनुभव वेगळा असेल, कारण पुढे ज्या दोषाविषयी मी विस्ताराने लिहिणार आहे, तो रडार प्रतिमेत काळ्याभोर दिसणाऱ्या पाण्यावर जितका ठळक दिसतो तितका जमिनीवर दिसत नाही.

आधी हातात काय पडते ते सांगतो. सेंटिनेल-१ए हा पहिला उपग्रह ३ एप्रिल २०१४ रोजी गेला. १बी चे काम डिसेंबर २०२१ मध्ये वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे थांबले, त्यानंतर ५ डिसेंबर २०२४ रोजी १सी आणि ४ नोव्हेंबर २०२५ रोजी १डी असे पुढचे दोन उपग्रह सोडण्यात आले. सुमारे ६९३ किलोमीटर उंचीवरून, ५.५ सेंटिमीटर तरंगलांबीच्या लहरी वापरून, हे रडार किनाऱ्यालगत एका वेळी २५० किलोमीटर रुंदीचा पट्टा टिपते. तपशील साधारण ५ मीटर बाय २० मीटरचा असतो, आणि एका उपग्रहाला त्याच जागी त्याच कोनातून परत यायला १२ दिवस लागतात. आपल्या भागावरून त्याची फेरी सकाळी सहाच्या किंवा संध्याकाळी सहाच्या सुमारास होते. नोंदणी केली की कोपर्निकस या युरोपीय पृथ्वीनिरीक्षण कार्यक्रमाच्या संकेतस्थळावरून हे सगळे विनामूल्य उतरवून घेता येते, आणि त्यावर प्रक्रिया करण्यासाठी लागणारी स्नॅप ही संगणक प्रणालीही फुकट मिळते. एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला साध्या लॅपटॉपवर, कोणाचीही परवानगी न मागता, दहा वर्षांहून अधिक काळाचा आपल्या किनाऱ्याचा इतिहास पाहता यावा, ही गोष्ट मला आजही फार मोलाची वाटते.

आता दोषाकडे वळतो. पहिल्या वर्षी मी केलेल्या मोजणीत अलिबागच्या पश्चिमेला, नांगर टाकून उभ्या असलेल्या मोठ्या मालवाहू जहाजांच्या उत्तरेला आणि दक्षिणेला, लहान आणि किंचित पुसट ठिपक्यांचे दोन पुंजके दिसत होते. आकाराने आणि तेजाने ते थेट ट्रॉलरसारखे होते, त्यामुळे मी ते ट्रॉलर म्हणूनच नोंदले. तक्ता जवळजवळ पूर्ण झाल्यावर एका जुन्या सहकाऱ्याने नकाशावर पट्टी ठेवली आणि प्रत्येक पुसट ठिपक्यापासून सर्वांत जवळच्या मोठ्या जहाजापर्यंतचे अंतर मोजायला सांगितले. अंतर प्रत्येक वेळी पाच किलोमीटरच्या आसपास भरले, आणि दिशा प्रत्येक वेळी तीच निघाली, उत्तर-दक्षिण रेषेला जरा कलती, म्हणजे नेमकी उपग्रहाच्या उड्डाणाची. खऱ्या होड्या असे अंतर राखून उभ्या राहत नाहीत. त्या मोठ्या जहाजांच्याच, पाच किलोमीटर सरकून उमटलेल्या, क्षीण प्रती होत्या. या क्षेत्रातले लोक त्यांना ‘घोस्ट’ म्हणतात आणि त्यामागच्या कारणाला उड्डाणदिशेतील संदिग्धता. तक्ता मला पुन्हा पहिल्यापासून करावा लागला. बंदीच्या काळात जिथे होडी नव्हतीच तिथे ती नोंदली गेली, तर त्या आकड्यावरून कुठल्या तरी बंदरातल्या मच्छीमारांवर आळ येतो, म्हणून हा दोष मला नुसता तांत्रिक वाटत नाही.

तो येतो कसा, हे समजून घेणे वापरणाऱ्याच्या हिताचे आहे. रडार सलग पाहत नाही. सेंटिनेल-१ च्या रुंद पट्ट्याच्या पद्धतीत ते सेकंदाला साधारण साडेचौदाशे ते सतराशे स्पंद सोडते आणि प्रत्येक स्पंदाचा प्रतिध्वनी टिपते. उपग्रह सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर धावतो, म्हणजे लागोपाठच्या दोन स्पंदांमध्ये तो साडेचार-पाच मीटर पुढे गेलेला असतो. एखादे जहाज झोताच्या पुढच्या टोकाला आहे की मागच्या, हे उपग्रहाच्या वेगामुळे प्रतिध्वनीच्या वारंवारतेत पडणाऱ्या फरकावरून, म्हणजे डॉप्लर फरकावरून, ओळखले जाते. परंतु तो फरक स्पंदांच्या दराच्या निम्म्याहून मोठा झाला की तो गुंडाळला जाऊन भलत्याच, लहान फरकासारखा दिसू लागतो, जसे चित्रपटात टांग्याचे चाक उलटे फिरताना दिसते. अँटेनाचा झोत कडेला एकदम तुटत नाही, त्याच्या कडांमधून थोडी ऊर्जा नेहमीच बाहेर सांडते, आणि त्या सांडलेल्या ऊर्जेत सापडलेले जहाज आपल्या जागेऐवजी दुसऱ्या ठिकाणी उमटते. ती जागा काढणे सोपे आहे. तरंगलांबी, जहाजापर्यंतचे तिरपे अंतर आणि स्पंदांचा दर यांचा गुणाकार करून त्याला उपग्रहाच्या वेगाच्या दुपटीने भागायचे. सेंटिनेल-१ साठी हे उत्तर पट्ट्याच्या भागानुसार साडेचार ते सहा किलोमीटरच्या दरम्यान येते.

मग स्पंदांचा दर वाढवला की झाले, असे कोणालाही वाटेल, पण तिथे दुसरी अडचण उभी राहते. सेकंदाला १,७०० स्पंद सोडले तर दोन स्पंदांमधल्या वेळेत लहर तिरप्या दिशेने जेमतेम ८८ किलोमीटरचे अंतर तपासून परत येऊ शकते. दर दुप्पट केला की हे अंतर निम्मे होते, पट्टा अरुंद होतो, आणि लांबून उशिरा आलेला प्रतिध्वनी पुढच्या स्पंदाच्या प्रतिध्वनीत मिसळतो. म्हणजे दर वाढवला तर रुंदीच्या दिशेने संदिग्धता येते आणि कमी केला तर उड्डाणाच्या दिशेने. एकच अँटेना आणि एकच रिसिव्हर असलेल्या रडारला रुंद पट्टा, बारीक तपशील आणि घोस्ट नसलेले पाणी या तिन्ही गोष्टी एका वेळी देता येत नाहीत. सेंटिनेल-१ ने पट्टा तीन उपपट्ट्यांत विभागून आणि झोत मागून पुढे फिरवून रुंदी मिळवली आहे. त्यासाठी तपशील २० मीटरवर आला, पण सगळ्या जगाला नियमित फेऱ्या मिळाल्या. माझ्या मते त्या काळच्या तंत्रात ही निवड रास्तच होती.

संदिग्धता किती दबलेली असावी याचे आकडे संस्थेने उघडपणे दिलेले आहेत. एकेकट्या वस्तूसाठी मूळ प्रतिमेपेक्षा २५ डेसिबल (तीव्रतेचे गुणोत्तर सांगणारे एकक) खाली, आणि पसरलेल्या भूभागासाठी २२ डेसिबल खाली. जमिनीवर हे पुरेसे असते, कारण शेताच्या तेजाचा सुमारे एकशेसाठावा भाग दुसऱ्या शेतात मिसळला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. समुद्रावरचा हिशेब मात्र वेगळा आहे. पोलादी डेक, क्रेन आणि उभ्या भिंती असलेले मोठे जहाज शांत पाण्यापेक्षा एक लाखपट तेजस्वी दिसू शकते. २५ डेसिबल म्हणजे ३१६ पट. लाखाला ३१६ ने भागले तरी घोस्ट आजूबाजूच्या पाण्यापेक्षा तीनशेपटीहून उजळ राहतो. लाकडी किंवा फायबरची पंधरा मीटरची मासेमारी होडीही साधारण अशाच क्षीण ठिपक्यासारखी दिसते. मोठ्या जहाजाचा घोस्ट मोठ्या जहाजासारखा दिसला असता तर कोणीही फसले नसते. तो नेमका लहान होडीचे रूप घेऊन येतो, आणि मला मोजायच्या असतात त्या लहान होड्याच. मुंबईसारख्या ठिकाणी तर जहाजांची गरजही नसते. वरळीच्या आणि वांद्र्याच्या उंच इमारतींचे घोस्ट मधल्या माहीमच्या उपसागराच्या पाण्यावर पडू शकतात, त्यामुळे त्या पाण्यातील प्रत्येक ठिपक्याकडे मी संशयाने पाहतो.

याच उत्पादनाच्या चौकटीत राहून काय करता येते, हेही सांगायला हवे. बहुतेक जण जीआरडी या प्रकारातली फाइल घेतात, कारण ती हलकी असते आणि लगेच नकाशावर बसते. पण त्यात प्रत्येक बिंदूची फक्त तीव्रता उरलेली असते, फेज, म्हणजे परत आलेली लहर आपल्या चक्रात नेमकी कुठे आहे याची माहिती, टाकून दिलेली असते, आणि फेज गेली की झोताच्या कडेची ऊर्जा वेगळी काढण्याचा मार्ग बंद होतो. ज्याला लहान होड्या मोजायच्या आहेत त्याने फेज राखून ठेवणारी, एसएलसी प्रकारातली फाइल घ्यावी. ती कित्येक पट जड असते आणि ती उतरवून घ्यायला माझ्या गावच्या इंटरनेटवर अख्खी संध्याकाळ जाते. तरीही डॉप्लर वारंवारतांच्या पल्ल्यातल्या ज्या भागात गुंडाळलेली ऊर्जा जास्त असते तो भाग निवडून दाबणारे गाळण त्यावर चालवता येते. त्याची किंमत म्हणजे तपशील थोडा खालावतो, आणि झोत फिरवण्याच्या पद्धतीमुळे प्रत्येक तुकड्यासाठी गणित जरा वेगळे करावे लागते. लहर आडवी कंप पावते की उभी, याला ध्रुवीकरण म्हणतात, आणि सोडलेल्या व परत आलेल्या लहरींच्या अशा चारही जोड्या टिपणाऱ्या रडारमध्ये आडवा स्पंद आणि उभा स्पंद आळीपाळीने सोडले जातात. तिथे दोन मिश्र ध्रुवीकरणांत (आडवी सोडून उभी टिपणे आणि उभी सोडून आडवी टिपणे) पहिला घोस्ट एकमेकांच्या उलट चिन्हाने येतो, त्यामुळे दोहोंची बेरीज केली की तो जवळजवळ मावळतो. ही युक्ती फार देखणी आहे, पण सेंटिनेल-१ फक्त दोनच ध्रुवीकरणे देत असल्यामुळे इथे ती लागू पडत नाही.

रोजच्या कामात मात्र सर्वांत उपयोगी पडली ती पट्टीच. प्रत्येक क्षीण ठिपक्यासाठी घोस्टचे अपेक्षित अंतर काढायचे, उड्डाणाच्या रेषेवर पुढे आणि मागे तेवढ्या अंतरावर प्रखर वस्तू आहे का ते पाहायचे, आणि असल्यास ठिपका मोजणीतून बाजूला ठेवायचा. यात खरी होडी चुकून वगळली जाण्याचा धोका आहे, म्हणून वगळलेले ठिपके मी वेगळ्या रकान्यात ठेवतो, पुसत नाही. जहाजे आपली ओळख आणि ठिकाण सांगण्यासाठी स्वतःहून प्रक्षेपित करत असलेल्या एआयएस संकेतांशी ताळा घेता येतो, आणि १सी व १डी या नव्या उपग्रहांवर एआयएस टिपणारे यंत्रच बसवलेले आहे, ही फार समजूतदार भर आहे. पण लहान होड्यांवर ते यंत्र बहुधा नसतेच, त्यामुळे एआयएसमुळे मोठ्या जहाजांची खात्री होते, लहान होड्यांचा प्रश्न तसाच राहतो.

मुळावरचा उपाय अँटेनाच्या आत आहे. सेंटिनेल-१ चा १२.३ मीटर लांबीचा अँटेना अनेक लहान तुकड्यांचा बनलेला आहे, पण प्रत्येक ध्रुवीकरणासाठी सगळ्यांचे प्रतिध्वनी एकत्र करून एकाच रिसिव्हरकडे जातात. त्याऐवजी लांबीच्या दिशेने अँटेनाचे भाग पाडून प्रत्येक भागाला स्वतःचा रिसिव्हर दिला, तर एका स्पंदामागे एक नव्हे, अनेक नमुने मिळतात. १२ मीटरच्या अँटेनाचे दोन भाग केले असे समजू. दोन्ही भागांची केंद्रे एकमेकांपासून ६ मीटरवर असतात, पण स्पंद सोडणारी जागा दोघांची एकच असल्यामुळे नमुने ३ मीटरच्या अंतराने घेतल्यासारखे होतात. दोन स्पंदांमध्ये उपग्रह नेमका ६ मीटर पुढे गेला, म्हणजे दर साधारण १,२५० राहिला, तर सगळे नमुने तीन-तीन मीटरवर एका ओळीत बसतात, आणि एकच रिसिव्हर दुप्पट दराने चालवल्यासारखे फळ मिळते. दर न वाढवता घोस्ट दूर होतो आणि पट्टाही रुंद राहतो.

प्रत्यक्षात दर कक्षेच्या उंचीनुसार आणि प्रतिध्वनी येण्याच्या वेळांनुसार ठरवावा लागतो, त्यामुळे नमुने असे सरळ ओळीत क्वचितच बसतात. ते असमान पडले तरी मूळ संकेत पुन्हा उभा करता येतो, हे जर्मनीतील क्रीगर, गेबर्ट आणि मोरेरा यांनी २००४ च्या सुमारास रडारसाठी मांडून दाखवले. जितके चॅनल (म्हणजे अँटेनाचा एक भाग आणि त्याचा स्वतःचा रिसिव्हर) तितकी समीकरणे लिहायची आणि प्रत्येक डॉप्लर वारंवारतेत मिसळलेले घटक सोडवून वेगळे करायचे, असा त्याचा गाभा आहे. यालाही मर्यादा आहे. उपग्रह दोन स्पंदांमध्ये नेमका ३ मीटर पुढे गेला, तर दुसऱ्या भागाचा नमुना पहिल्या भागाच्या जागेवरच येऊन बसतो, दोन समीकरणे एकच होतात आणि सोडवण्यासारखे काही राहत नाही. त्या स्थितीच्या जवळ गेले की घोस्ट दाबला जातो पण नॉइज फुगतो. लहान होडीच्या दृष्टीने हेही नुकसानच, कारण ती घोस्टऐवजी नॉइजमध्ये हरवते.

आणि इथेच बहुचॅनल रडारचे खरे ओझे येते, ते म्हणजे चॅनल जुळवण्याचे. दोन रिसिव्हरांमध्ये फेजचा ५ अंशांचा फरक राहिला तर एकसारख्या नमुन्यांच्या बाबतीत घोस्ट मूळ प्रतिमेच्या सुमारे २७ डेसिबल खाली येतो, आणि फरक १० अंशांचा झाला तर तो २१ डेसिबलवर पोहोचतो, म्हणजे एकाच रिसिव्हरच्या सेंटिनेल-१ पेक्षाही वाईट. ५.५ सेंटिमीटरच्या लहरीत ५ अंश म्हणजे पाऊण मिलिमीटरचा मार्ग. दिवसाच्या उन्हातून पृथ्वीच्या सावलीत जाताना केबल आणि इलेक्ट्रॉनिक भाग तापतात, गार होतात, आणि त्यांच्या वागण्यात एवढा फरक सहज पडू शकतो. म्हणून अवकाशातच वारंवार अंशशोधन करणे आणि प्रत्यक्ष टिपलेल्या प्रतिमेवरून चॅनलमधील उरलेला फरक शोधून काढणे, ही या क्षेत्रातली मोठी कामे झाली आहेत. चॅनल किती आहेत यापेक्षा ते किती जुळलेले आहेत यावर मी जास्त विश्वास ठेवतो.

हे तंत्र कागदावरच राहिलेले नाही. २००७ मध्ये गेलेल्या जर्मन टेरासार-एक्सवर राखीव रिसिव्हर वापरून दोन भागांनी ऐकण्याचे प्रयोग झाले, आणि त्याच वर्षीच्या कॅनडाच्या रडारसॅट-२ नेही अत्यंत बारीक तपशिलाच्या पद्धतीत दोन रिसिव्हर वापरले. जपानच्या अलोस-२ ने २०१४ पासून दुहेरी ग्रहणाच्या जोरावर ३ मीटरच्या तपशिलात ५० किलोमीटरचा पट्टा दिला. १ जुलै २०२४ रोजी गेलेल्या अलोस-४ ने ३ मीटरचाच तपशील ठेवून तो पट्टा २०० किलोमीटरवर नेला, पण तिथे भर रुंदीच्या दिशेने अंकीय झोत घडवण्यावर आहे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार या नासा आणि इस्रोच्या संयुक्त रडार उपग्रहामध्येही तीच दिशा आहे. त्याचा १२ मीटर व्यासाचा परावर्तक, आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीच्या मागोमाग झोत सरकवत ऐकणारी अनेक ग्रहणकेंद्रे, २४० किलोमीटरहून रुंद पट्टा देतात, आणि त्यातल्या दोन रडारांपैकी लहान तरंगलांबीचा एस-बँड भाग आपल्या इस्रोने बनवलेला आहे याचा मला मनापासून आनंद आहे. पण रुंदीच्या दिशेने चॅनल वाढवल्याने उड्डाणदिशेतला घोस्ट आपोआप जात नाही. निसारच्या दुसऱ्या, एल-बँड रडारची लहर २४ सेंटिमीटरची आहे, आणि स्पंदांचा दर सारखाच धरला तर तिचा घोस्ट सेंटिनेल-१ च्या घोस्टपेक्षा चौपट लांब, वीसएक किलोमीटरवर पडेल. सेंटिनेल-१ वर हाताला लागलेली पाच किलोमीटरची पट्टी तिथे तशीच वापरून चालणार नाही.

विकत मिळणाऱ्या तयार सेवांविषयीही दोन शब्द. एका खासगी पुरवठादाराकडून आम्ही काही दिवसांसाठी जहाजांची तयार यादी घेतली होती. यादी नेटकी होती, प्रत्येक ठिपक्याला विश्वासाची टक्केवारी दिलेली होती, पण मूळ प्रतिमेतील संदिग्धता किती दाबली आहे आणि घोस्ट वगळण्यासाठी काय केले आहे, या साध्या प्रश्नाचे उत्तर अनेक पत्रांनंतरही मिळाले नाही. पट्टी ठेवून पाहिल्यावर त्या यादीतल्या बऱ्याच होड्या मोठ्या जहाजांपासून पाच किलोमीटरवरच निघाल्या. सेंटिनेल-१ मध्ये घोस्ट आहेत, पण ते किती प्रखर असू शकतात हे जाहीर आहे आणि कुठे पडतील हे शाळेतल्या गणिताने काढता येते. पैसे मोजून घेतलेल्या यादीत तेही कळत नसेल, तर मी फुकटच्या प्रतिमेकडेच परत जाईन.

तेव्हा माझा निर्णय असा. बंदरासमोर उभी असलेली मोठी जहाजे, तेलाचे तवंग आणि किनारारेषा यांसाठी सेंटिनेल-१ ची जीआरडी प्रतिमा डोळे झाकून घ्यावी. लहान होड्यांच्या मोजणीसाठी तीच प्रतिमा एसएलसी रूपात, घोस्टच्या अंतराचा तक्ता शेजारी ठेवून आणि मोठ्या जहाजांच्या गर्दीचे भाग वेगळे काढून वापरावी. हर्णैसमोरच्या, मालवाहू जहाजांच्या नांगरवाड्यापासून दूर असलेल्या पाण्यात ती मला चांगला आकडा देते. मुंबई बंदराच्या तोंडाशी मात्र उड्डाणदिशेत एकाहून अधिक चॅनल असलेल्या रडारची प्रतिमा मिळेपर्यंत मी लहान होड्यांचा आकडा लिहीत नाही. त्या रकान्यात ‘मोजता आले नाही’ असे लिहितो.